थांबण्याची आज्ञा : कर्नलमधून गळालेली एक अट

आज आपल्याला एका ओळीचा इतिहास पाहायचा आहे. ओळ कवितेची नाही आणि शिलालेखातलीही नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा आहे, ज्याला कर्नल म्हणतात (लष्करातला कर्नल वेगळा, उच्चार मात्र आपण दोघांचा एकच करतो), त्यात प्रोसेसरला कायमचं थांबवणारं एक छोटं फंक्शन आहे. त्याचं नाव 'स्टॉप धिस सीपीयू', म्हणजे 'हा प्रोसेसर थांबवा'. २०१३ साली त्यातून एक अट काढून टाकण्यात आली. आधी त्याचा शेवट साधारण असा होता : 'पुन्हा पुन्हा हेच कर – या प्रोसेसरवर थांबण्याची आज्ञा नीट चालत असेल, तर थांब.' नंतर तो असा झाला : 'पुन्हा पुन्हा हेच कर – थांब.' बस्स. 'नीट चालत असेल तर' एवढे शब्द गेले.

प्रोग्रामर मंडळी याला साफसफाई म्हणतील आणि पुढच्या कामाला लागतील. त्यांचं बरोबरच आहे. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. एखाद्या वाक्यातला 'जर' गळाला की आमचे कान उभे राहतात. कारण 'जर' म्हटलं की त्याच्यामागे एक शंका असते, आणि शंका काढून टाकायची तर कुणीतरी काहीतरी जाणून घेतलेलं असायला हवं. मग इथे नेमकं कुणी काय जाणून घेतलं होतं? आज आपण एवढाच प्रश्न धरून चालू.

आधी 'थांबणे' या शब्दापाशी जरा थांबू या. मराठीत या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. 'गाडी थांबली' म्हणजे चालायची बंद झाली. 'जरा थांब, आलोच' म्हणजे वाट पाहा. इंग्रजीत या दोहोंसाठी वेगळे शब्द लागतात, आपल्याकडे एकातच भागतं. आणि गंमत अशी की संगणकाच्या जगात ज्या आज्ञेला इंग्रजीत 'हॉल्ट' हे नाव पडलं, ती आज्ञा बहुतेक वेळा आपल्या दुसऱ्या अर्थानेच थांबते. ती संपत नाही, वाट पाहते. एआरएम नावाचे जे प्रोसेसर तुमच्या मोबाइलमध्ये असतात, त्यांनी हे नाव सरळ 'इंटरप्टची वाट पाहा' असं ठेवलं. इंटेलच्या घराण्यात मात्र जुनं नाव चिकटून राहिलं. तीन अक्षरं : एच, एल, टी.

नाव जुनं का, हेही पाहायला हवं. १९४९ साली केंब्रिजला एडसॅक नावाचा संगणक सुरू झाला. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराने लिहीत, आणि त्यातलं 'झेड' हे अक्षर म्हणजे : यंत्र थांबवा आणि घंटा वाजवा. घंटा वाजली की माणूस उठायचा, उत्तर पाहायचा, पुढची कागदी पट्टी लावायचा. त्या काळी एका वेळी एकच काम चाले. काम संपलं की यंत्र संपलं, माणूस सुरू झाला. तिथे 'हॉल्ट' हा शब्द अगदी चपखल होता.

तर्कशास्त्रात या शब्दाची गोष्ट आणखी वेगळी आहे. ॲलन ट्युरिंगच्या १९३६ च्या निबंधाचा उल्लेख झाला की लोक लगेच 'हॉल्टिंग प्रॉब्लेम' म्हणतात. पण त्या निबंधात हे नाव नाही. ते पुढे मार्टिन डेव्हिस यांनी रूढ केलं. ट्युरिंगला जी यंत्रं हवी होती ती न थांबणारी होती. एखाद्या संख्येचे दशांश अंक एकापुढे एक, अखंड लिहीत राहणारं यंत्र त्याच्या लेखी चांगलं, त्याला तो 'चक्रमुक्त' म्हणतो. जे काही अंक लिहून पुढे लिहीतच नाही ते बिघडलेलं. तेव्हा आजच्या अर्थाने 'थांबलेलं' यंत्र त्याच्या दृष्टीने नापास झालेलं यंत्र होतं! हे विषयांतर वाटेल, पण तसं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम हीसुद्धा ट्युरिंगच्याच जातीची, कधीही संपू नये अशी अपेक्षा असलेली वस्तू आहे. तिने आपल्या पोटात 'थांब' ही आज्ञा ठेवायची, हा मूळ पेच आहे.

तर या पेचाकडे येऊ. तुम्ही संगणकासमोर बसून हे व्याख्यान ऐकता किंवा वाचता आहात, त्या वेळी प्रोसेसरला फारसं काम नसतं. तुम्ही एक कळ दाबता आणि दुसरी दाबता, मधल्या काळात त्याच्या हिशेबाने युगं लोटतात. त्या रिकाम्या वेळात त्याने करायचं काय? १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची अगदी पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली, तेव्हा याचं उत्तर साधं होतं : गोल गोल फिरायचं. काम आलं का? नाही. काम आलं का? नाही. दुसरं कुणीच चालायला तयार नसेल तेव्हा शून्य क्रमांकाचं काम उठायचं आणि हेच विचारत राहायचं. डॉससुद्धा पुष्कळ काळ असंच करत होतं. विजेचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. प्रोसेसर काम करो वा नुसता फिरो, फारसा फरक पडत नसे.

थांबण्याची आज्ञा मात्र तेव्हाही होती. १९७८ च्या ८०८६ मध्ये ती होती, त्याआधीच्या ८०८० मध्येही होती. ती दिली की प्रोसेसर पुढची आज्ञा उचलत नाही. बाहेरून कुणी दार ठोठावलं – कळफलक, डिस्क, घड्याळाचा ठोका – की तो जागा होतो, आलेल्याचं पाहतो, आणि थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. या दार ठोठावण्याला इंटरप्ट म्हणतात.

इथे एक बारकावा आहे. तो आम्हाला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवू.

समजा तुम्ही घरात एकटे आहात आणि पोस्टमन यायचा आहे. तुम्ही ठरवलं, दारात कुणी नसेल तर झोपू. दार उघडून पाहिलं, कुणी नाही. तुम्ही वळलात, पलंगाकडे निघालात, आणि नेमकी तेवढ्यात बेल वाजली. तुम्ही जाऊन पत्र घेतलं, टेबलावर ठेवलं. पण मनात 'आता झोपायचं' हे आधीच ठरलेलं. तेव्हा तुम्ही पत्र न वाचता झोपून गेलात. पत्र तातडीचं होतं. आता पुढची बेल वाजेपर्यंत ते तसंच पडून राहणार. कर्नलचं नेमकं हेच होऊ शकतं. 'काम नाही' असं पाहिलं, आणि 'थांब' म्हणण्याआधीच्या फटीत इंटरप्ट आला, तर काम आलेलं असूनही प्रोसेसर झोपतो.

उपाय काय? आधी कान बंद करायचे, म्हणजे इंटरप्ट येऊ द्यायचे नाहीत. मग काम आहे का ते पाहायचं. नसेल, तर कान उघडायचे आणि लगेच झोपायचं. पण 'कान उघडणे' आणि 'झोपणे' या दोन आज्ञा आहेत, त्यांच्यात पुन्हा फट आलीच! ती फट इंटेलच्या प्रोसेसरने बुजवली आहे. कान उघडण्याची जी आज्ञा आहे, 'एसटीआय', तिचा परिणाम एक आज्ञा उशिरा होतो. म्हणजे 'एसटीआय' आणि लगेच 'एचएलटी' असं लिहिलं, तर इंटरप्ट आत येऊ शकतो तो प्रोसेसर झोपल्यावरच. झोपला की बेल ऐकू येते, आणि बेल वाजली की तो उठतो. मधली फट उरतच नाही. लिनक्समध्ये या जोडगोळीला 'सेफ हॉल्ट' म्हणतात, सुरक्षित थांबणं.

आता याच 'एचएलटी'च्या आधी 'एसटीआय'ऐवजी उलट आज्ञा ठेवा. कान बंद करा, आणि थांबा. काय होईल? बेल वाजत राहील, हा उठणार नाही. तीच आज्ञा, पण आता तिचा अर्थ 'वाट पाहा' नाही, 'संप' असा आहे. मीमांसकांमध्ये प्रभाकराचा पंथ म्हणे की शब्दाला सुटा अर्थ नसतो, वाक्यात जोडला गेल्यावरच त्याचा अर्थ कळतो. त्याला अन्विताभिधान म्हणतात. कुमारिलाचा पंथ म्हणे, आधी सुटे अर्थ, मग त्यांचा अन्वय. हा वाद सोडवायला आम्ही प्रोसेसरला साक्षीला बोलावणार नाही. पण 'एचएलटी'पुरतं तरी प्रभाकराचं पारडं जड दिसतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

आपलं ते 'स्टॉप धिस सीपीयू' फंक्शन या दुसऱ्या अर्थाचं. संगणक बंद करताना, पुन्हा सुरू करताना, किंवा काही भयंकर बिघाड होऊन सगळं आवरतं घेताना, एक प्रोसेसर बाकीच्यांना निरोप पाठवतो : तुम्ही आता थांबा. निरोप मिळालेला प्रोसेसर कान बंद करतो, हजेरीपटावरून आपलं नाव काढतो, आपला इंटरप्ट स्वीकारणारा भाग बंद करतो, आणि 'एचएलटी' म्हणतो. तुम्ही विचाराल, एकदा थांबला तर मग 'पुन्हा पुन्हा हेच कर' कशाला? कारण काही इंटरप्ट असे असतात की ते कान बंद करूनही ऐकू येतात. त्यांना न रोखता येणारे इंटरप्टच म्हणतात. तसा एखादा आला तर प्रोसेसर क्षणभर उठेल आणि पुढची आज्ञा शोधू लागेल. पुढे काही नसलंच पाहिजे, म्हणून त्याला पुन्हा सांगायचं : थांब.

इथपर्यंत सगळं ठीक. मग ती 'नीट चालत असेल तर' ही अट कुठून आली?

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर प्रोसेसर तापू लागले होते आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्या लवकर संपत होत्या. १९९४ च्या सुमाराला, इंटेलच्या ४८६ डीएक्स-४ पासून, थांबलेल्या प्रोसेसरने वीज वाचवावी अशी रचना मुद्दाम होऊ लागली. म्हणजे जी आज्ञा इतकी वर्षं एका कोपऱ्यात पडून होती, ती अचानक दर क्षणी वापरली जाऊ लागली. आणि जी गोष्ट कधी वापरलेलीच नसते तिच्यातले दोष वापरल्यावरच दिसतात. १०० मेगाहर्ट्झच्या सुरुवातीच्या काही ४८६ चिप थांबायच्या, पण त्यातून नीट उठतीलच याची खात्री नव्हती. विंडोज ९५ चीही गोष्ट अशीच. त्या मंडळींनी रिकाम्या वेळात 'एचएलटी' वापरायचं ठरवलं होतं. पण एका मोठ्या कंपनीचे काही लॅपटॉप ती आज्ञा दिली की कायमचे गोठायचे, म्हणून तो बेत सोडावा लागला. हे मायक्रोसॉफ्टमधल्याच एका जुन्या अभियंत्याने पुढे लिहून ठेवलं आहे. काही लॅपटॉपपायी कोट्यवधी संगणक रिकाम्या वेळात वीज जाळत राहिले. अशी स्थिती असल्यामुळे 'रेन', 'सीपीयू आयडल' असले छोटे प्रोग्राम लोक स्वतःच घालून घ्यायचे; ते एवढंच करायचे की रिकाम्या वेळात 'एचएलटी' म्हणायचे.

लिनक्सने मधला मार्ग काढला. 'एचएलटी' सर्वांसाठी चालू ठेवायचं, पण ज्याचा प्रोसेसर असा दोषी असेल त्याने संगणक सुरू करताना एक शब्द लिहायचा : 'नो-एचएलटी'. तो लिहिला की कर्नल आपल्या वहीत नोंद करायचा – या प्रोसेसरवर थांबण्याची आज्ञा चालत नाही – आणि रिकाम्या वेळात जुन्या पद्धतीने गोल फिरत राहायचा. त्या काळच्या मार्गदर्शिकेत वर असाही सल्ला होता की शक्य असेल तर वॉरंटीत चिप बदलून घ्या.

आता ज्ञानाच्या प्रश्नाकडे वळू, कारण खरी गंमत इथेच आहे.

त्या काळी लिनक्स सुरू होताना पडद्यावर ज्या ओळी सरकत जात, त्यात एक ओळ असे : 'हॉल्ट आज्ञा तपासत आहे... ओके'. पाहणाऱ्याला वाटे, वा, तपासणी झाली. ती तपासणी काय होती? कर्नल लागोपाठ चार वेळा 'एचएलटी' म्हणायचा आणि मग 'ओके' छापायचा. एवढंच! नीट विचार करा. आज्ञा चालली तर 'ओके' छापलं जाईल. चालली नाही, म्हणजे प्रोसेसर झोपला आणि उठलाच नाही, तर 'चालत नाही' असं छापायला उरलंय कोण? या परीक्षेत नापासाचा शेरा लिहिण्याची सोयच नव्हती. मेलेल्या माणसाने आपल्या मृत्यूचा दाखला लिहून द्यावा अशी ती अपेक्षा. पडद्यावर ठिपके उमटून सगळं तिथेच गोठलं, तर बघणाऱ्या माणसाने समजायचं, पुन्हा सुरू करायचं, आणि या खेपेला 'नो-एचएलटी' लिहायचं. निष्कर्ष काढणारा माणूस होता, यंत्र नव्हे.

आणि निष्कर्ष काढल्यावर? लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती देणारी एक फाइल असते, 'सीपीयूइन्फो'. तिच्यात दोषांची यादी असे : 'एफडिव्ह बग : नो', 'एचएलटी बग : नो', 'एफ-डबल-झिरो-एफ बग : नो'. एका खाली एक, सारख्या तोऱ्यात. पण या नकारांची जात सारखी नाही.

पहिला घ्या. 'एफडिव्ह' म्हणजे १९९४ साली गाजलेला पेंटियमचा भागाकाराचा दोष, ज्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. कर्नल तो खरोखर तपासायचा. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागायचं, पुन्हा त्यानेच गुणायचं, आणि मूळ संख्येतून वजा करायचं. उत्तर शून्य यायला हवं. दोषी पेंटियमवर २५६ यायचे. दोष असता तर दिसला असता. दिसला नाही, म्हणून नाही. आपल्या परंपरेत याला योग्यानुपलब्धी म्हणतात. उजेडात, उघड्या डोळ्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि घडा दिसला नाही, तर 'घडा नाही' हे खरं ज्ञान झालं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती याला स्वतंत्र प्रमाण मानतात. पण अंधारात घडा दिसला नाही, तर त्यावरून 'घडा नाही' म्हणता येत नाही. असता तर दिसला असता, ही योग्यता तिथे नाही.

'एचएलटी बग : नो' हे अंधारातलं वाक्य होतं. ती नोंद 'येस' व्हायची एकाच प्रसंगी : वापरणाऱ्याने स्वतः 'नो-एचएलटी' लिहिलं तर. दुसरी कुठलीही वाट त्या नोंदीकडे जात नव्हती. म्हणजे 'येस' याचा अर्थ 'तुम्हीच सांगितलंत की दोष आहे', आणि 'नो' याचा अर्थ 'मला कुणी काही सांगितलेलं नाही'. आपणच दिलेली साक्ष यंत्राच्या तोंडून आपल्याला परत ऐकू येत होती, आणि ती मात्र मोजलेल्या, तपासलेल्या नकारांच्या रांगेत, त्यांच्याच वेषात उभी होती. आम्हाला विचाराल तर दोषापेक्षा हा प्रकार अधिक गंभीर. दोष काही चिपपुरता होता. ही ओळ कोट्यवधी संगणकांवर रोज न जाणलेली गोष्ट जाणल्याच्या सुरात सांगत होती.

२०११ पर्यंत परिस्थिती बदलली होती. प्रोसेसर सेकंदाला कितीतरी वेळा झोपतो-उठतो, आणि प्रत्येक वेळी 'थांबण्याची आज्ञा चालते ना?' हे विचारायचं, तेही पंधरा वर्षांपूर्वीच्या मोजक्या यंत्रांच्या विजेच्या कमकुवत जोडणीपायी, हे बरं नव्हे असं सांगत कर्नलमध्ये एक सूचना घातली गेली. लिनक्स ३.० मध्ये कुणी 'नो-एचएलटी' लिहिलं की त्याला सांगण्यात येई : ही सोय २०१२ मध्ये जाणार आहे. तुम्हाला खरंच गरज असेल तर 'आयडल-पोल' नावाची दुसरी सोय आहे. तीही रिकाम्या वेळात गोल फिरवते.

आणि २०१३ मध्ये ती काढताना जो हिशेब मांडला गेला तो वाचण्यासारखा आहे. ती नोंद आता वाचतं कोण? तीनच जागा सापडल्या. एक, 'सीपीयूइन्फो'तली ती ओळ. दोन, सुरुवातीची ती चार 'एचएलटीं'ची तपासणी. तीन, आपलं 'स्टॉप धिस सीपीयू'. म्हणजे फक्त संगणक बंद होताना! रिकाम्या वेळात, जिथे 'एचएलटी' सतत लागतं, तिथे 'नो-एचएलटी' लिहूनही आता काही अडत नव्हतं. एखादा प्रोसेसर चालू संगणकातून बाजूला काढताना जे फंक्शन वापरतात – त्याचं नाव मोठं गमतीदार आहे, 'प्ले डेड', मेल्याचं सोंग – तेही ही नोंद पाहत नव्हतं. आणि ६४ बिटांच्या संगणकांवर तर 'चालते का?' या प्रश्नाचं उत्तर कायमचं 'हो' असं लिहूनच ठेवलं होतं.

मठातल्या मांजराची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. पोथी चालू असताना मांजर मधे मधे येई म्हणून महाराजांनी ते बांधायला सांगितलं. महाराज गेले, मांजर गेलं, तरी शिष्य पोथीआधी कुठूनतरी मांजर आणून बांधत राहिले. कालबाह्य नियमांची चर्चा निघाली की ही गोष्ट हमखास निघते, आणि इथेही ती लागू पडेल असं वाटतं. पण नीट पाहिलं तर इथला प्रकार त्याहून तऱ्हेवाईक होता. इथे मांजर बांधलेलं नव्हतंच. ते घरभर हिंडत होतं. फक्त वहीत 'मांजर बांधले आहे' अशी नोंद होत होती, आणि मठाला कुलूप लावताना शेवटच्या क्षणी कुणीतरी ती वही उघडून पाहत होतं.

तेव्हा अट काढणारा असं म्हणत नव्हता की जगातली शेवटची दोषी ४८६ आता भंगारात गेली. ते त्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं, आणि त्याने तसा दावाही केला नाही. त्याचं म्हणणं वेगळं होतं : ही अट जे राखते असं वाटतं, ते ती राखत नाही. पहिल्या प्रकारचं ज्ञान जगाविषयीचं, ते मिळवायला घरोघर जावं लागलं असतं. दुसरं ज्ञान कोडविषयीचं, आणि कोड सगळं समोर उजेडात होतं. तीन जागा, त्यातल्या प्रत्येकीचा हिशेब. घडा असता तर दिसला असता. जुन्या खबरदाऱ्या काढताना लोक नेहमी पहिल्या प्रकारचा दावा करतात, 'आता कुठे राहिलंय तसलं काही!', आणि तिथेच फसतात. इथे तो मोह टाळला गेला, म्हणून हा लहानसा बदल आम्हाला मोलाचा वाटतो.

तोट्यात कुणीच आलं नाही असं मात्र समजू नका. ती दोषी चिप अजून चालवणारा कुणी असेलच, तर २०१३ नंतरच्या कर्नलमध्ये 'आयडल-पोल' लिहून त्याला दिवसभर काम करता येत होतं. पण संगणक बंद करताना त्याच्या प्रोसेसरला 'एचएलटी' ऐकावं लागणारच होतं, आणि त्या झोपेतून तो उठेल याची हमी नव्हती. अर्थात तिथे त्याला उठायचंच नव्हतं. ज्या आज्ञेतून परत येता येत नाही हा दोष, तो परत यायचंच नाही अशा जागी दोषच राहत नाही. ही अट तिथे पहिल्यापासूनच निरुपयोगी होती की काय, असा प्रश्न आम्हाला पडतो. आमच्या मते, बव्हंशी होतीच. (त्याच सुमाराला, २०१२ च्या डिसेंबरात, ज्या ३८६ वर टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं होतं त्या ३८६ चाच आधार कर्नलने काढून टाकला. त्यालाही टोरवाल्ड्सने काही गळा काढला नाही.)

मग झालं का ते फंक्शन कायमचं सोपं? चार वर्षं. २०१७ मध्ये त्यात नवी ओळ आली. एएमडीच्या काही प्रोसेसरमध्ये मेमरीतला मजकूर सांकेतिक करून ठेवण्याची सोय आली होती. तिला संक्षेपाने 'एसएमई' म्हणतात. एक कर्नल थांबवून त्याच्या जागी थेट दुसरा सुरू करायचा असेल, तर प्रोसेसरच्या जवळच्या साठ्यात, कॅशमध्ये, जुना मजकूर राहून चालत नव्हतं. तो नंतर बाहेर ओतला गेला तर नव्या मजकुराची नासाडी. म्हणून थांबण्याआधी कॅश रिकामा करण्याची आज्ञा घातली, 'एचएलटी'ला जोडून, त्या फिरत्या लूपच्या आतच, आणि सगळ्या प्रोसेसरसाठी. ज्याला गरज नाही त्याचंही बिघडलं काय, थांबणाराच तर आहे, असा विचार. पण काही संगणकांवर तक्रारी आल्या. २०१८ च्या सुरुवातीला ती आज्ञा लूपच्या बाहेर काढून एकदाच दिली गेली, आणि तिला अट लावली गेली : या प्रोसेसरला 'एसएमई' येत असेल तर. म्हणजे गळालेल्या 'जर'च्या जागेशेजारी नवा 'जर' आला.

हा 'जर' मात्र माणसाच्या सांगण्यावर नव्हता. प्रोसेसरलाच विचारायचं होतं. त्यासाठी 'सीपीयूआयडी' नावाची आज्ञा आहे. तिला प्रश्नाचा क्रमांक द्यायचा, ती उत्तर देते. आता पाहा काय झालं. काही संगणक बंद होताना मधूनच गोठतात, अशी तक्रार २०२३ मध्ये आली. शोध घेतला तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. एक, थांबणारा प्रोसेसर हजेरीपटावरून आपलं नाव आधी काढत होता आणि कॅश नंतर रिकामा करत होता. मुख्य प्रोसेसर हजेरीपट पाहून 'सगळे गेले' असं समजायचा आणि पुढच्या कामाला लागायचा, इकडे दुसऱ्याचं आवरणं अजून चालूच. हे मुळातलं दुखणं. ते बरं करण्यासाठी पुढे वेगळा पट ठेवला गेला, ज्यावरून प्रोसेसर आपलं नाव सगळं आवरल्यानंतरच काढतो.

दुसरी गोष्ट आमच्या विषयाच्या अधिक जवळची. ज्या प्रोसेसरला 'एसएमई' हा प्रकार माहीतच नाही, अशा प्रोसेसरलाही तो प्रश्न विचारला जात होता. प्रश्नांची यादी कुठे संपते हे न विचारता, यादीबाहेरचा क्रमांक त्याच्यासमोर ठेवला जात होता. आणि तो प्रोसेसर इंटेलचा असेल तर 'मला माहीत नाही' असं म्हणत नाही. त्याला तसं म्हणता येतच नाही. तो आपल्या यादीतल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काढून देतो. त्या उत्तरात योगायोगाने नेमक्या जागी १ असला, की कर्नल समजायचा : याला 'एसएमई' येतं.